परदेशातला पैसा कोणत्या वाटेने येतो?
नांदेड-लातूरच्या वस्त्यांतून स्थलांतराचा नकाशा वाचताना

बिलोली तालुक्यातील एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक आई मोबाईल घेऊन आमच्याजवळ आली. "सर, पोराचा दुबईचा व्हिसा आलाय म्हणतेत. जरा वाचून सांगा." कागद इंग्रजीत होता. आम्ही वाचला. तो साठ दिवसांचा पर्यटक व्हिसा होता आणि त्यावर काम करण्याची परवानगी नव्हती. एजंटला नव्वद हजार रुपये देऊन झाले होते. निम्मे मायक्रोफायनान्सच्या कर्जातून आणि निम्मे तीन रुपये शेकड्याने काढलेले. तिकीट तीन दिवसांवर आले होते.

आम्ही समजावले, तरी मुलगा गेला. पैसे देऊन झाल्यावर थांबणे म्हणजे ते बुडवणे, असे घरच्यांना वाटले. तिकडे त्याने काही महिने साफसफाईचे काम केले. व्हिसाची मुदत संपली आणि रोजचा दंड चढू लागला. संयुक्त अरब अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात मुदत संपलेल्यांना दंडमाफी दिली, तेव्हा तो परत आला. आज तो चाकणला कंत्राटी कामगार आहे आणि आई अजून हप्ते भरते आहे.

आपले पोर परदेशात जावे, त्याने चार पैसे घरी पाठवावेत, पत्र्याच्या जागी स्लॅब पडावा, ही इच्छा अजिबात चुकीची नाही. लाखो भारतीय कुटुंबांचे जीवन अशा पैशाने बदलले आहे. मग तो पैसा आपल्या वस्तीत का पोहोचत नाही? आणि पोहोचावा म्हणून धडपड केली की वाट्याला कर्ज का येते? हा नशिबाचा प्रश्न नाही. यामागे एक भूगोल आहे आणि त्या भूगोलात जात, जमीन, शिक्षण आणि ओळखी दडलेल्या आहेत.

राज्याचा आकडा फसवा असतो

परदेशातून घरी येणाऱ्या पैशात भारत जगात पहिल्या क्रमांकावर आहे. रिझर्व्ह बँकेच्या माहितीनुसार २०१०-११ मध्ये ही रक्कम ५५.६ अब्ज डॉलर होती. २०२३-२४ मध्ये ती ११८.७ अब्ज डॉलरवर गेली.

यात महाराष्ट्राचा वाटा किती? रिझर्व्ह बँकेने बँकांकडून माहिती घेऊन केलेल्या सर्वेक्षणांत २०१६-१७ साली केरळ पहिला (१९ टक्के) आणि महाराष्ट्र दुसरा (१६.७ टक्के) होता. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र ३५.२ टक्क्यांवर गेला आणि केरळ १०.२ टक्क्यांवर आला. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्र २०.५ आणि केरळ १९.७ टक्के.

चार वर्षांत वाटा दुप्पट आणि पुढच्या तीन वर्षांत पुन्हा बराच खाली. गावागावातली माणसे इतक्या झपाट्याने जात-येत नाहीत, म्हणून हे आकडे जपून वाचावे लागतात. ही माहिती बँकांकडून येते आणि ती राज्यापुरती आहे, जिल्ह्याची नाही. 'महाराष्ट्र पहिला' म्हणताना त्यात मुंबई, पुणे, ठाणे किती आणि देगलूर, किनवट, निलंगा, जळकोट किती, हे त्यातून कळत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या. २०१६-१७ मध्ये सर्वाधिक पैसा संयुक्त अरब अमिरातीतून येत होता. आता अमेरिका पुढे आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, अमिरातीचा १९.२ टक्के. दुसरे म्हणजे, एकूण रकमेपैकी २८.६ टक्के पैसा एका वेळी पाच लाखांहून जास्त पाठवणाऱ्यांकडून येतो. संख्येने असे व्यवहार अगदी थोडे आहेत. म्हणजे देशाचा आकडा फुगतो तो बऱ्याच अंशी अभियंते, डॉक्टर, संगणक क्षेत्रातील नोकरदार यांच्या पैशाने. आखातात वाळूत राबणारा कामगार पाठवतो ती रक्कम लहान असते, पण त्याच्या घरची चूल तिच्यावरच पेटते.

सीमारेषेच्या अलीकडे आणि पलीकडे

आमच्या भागातल्या तरुणांना आम्ही एक नकाशा काढायला सांगतो. धर्माबाद, बिलोली, देगलूर, किनवट हे नांदेडचे सीमेवरचे तालुके. पलीकडे तेलंगणातले निजामाबाद, निर्मल, कामारेड्डी आणि थोडे पुढे जगित्याल, करीमनगर. पलीकडच्या या पट्ट्यात आखाती देशांत गेलेला माणूस गावोगाव भेटतो. तिथे मागासवर्गीय आणि दलित कुटुंबांतूनही मोठ्या संख्येने लोक गेले आहेत. अलीकडच्या आमच्या वस्त्यांत मात्र 'दुबईला गेलेला' म्हणून एखाद्याच घराकडे बोट दाखवले जाते.

जमीन तीच, ऊन तेच, आणि १९४८ पर्यंत राजवटही निजामाचीच होती. मुधोळ-भैंसा हा भाग १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता, तसेच जुक्कल आणि बिचकुंदा देगलूर तालुक्यात. राज्य पुनर्रचनेत हे भाग पलीकडे गेले. मग एवढा फरक कशाने पडला?

स्थलांतर साखळीने होते. एक माणूस जातो, तो मेहुण्याला बोलावतो, मेहुणा चुलतभावाला. पहिल्याने खाल्लेले टक्के दुसऱ्याला वाचवतात. कोणती कंपनी पगार देते, कोणता एजंट खोटा आहे, खोलीचे भाडे किती, हे घरातच कळते. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखातात बांधकामे सुरू झाली. तेव्हा उत्तर तेलंगणातले मजूर आणि विणकर आधीच मुंबई-भिवंडीत होते. तिथून त्यांना आखाताची वाट सापडली आणि पुढे ती गावापर्यंत पोहोचली. आपल्या राज्यात रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम कुटुंबांचेही असेच झाले. समुद्र, बंदर आणि जहाजावरची नोकरी यांच्यामुळे त्यांची साखळी जुनी आहे. नांदेड, कंधार, उदगीरच्या मुस्लिम मोहल्ल्यांतही आखाताशी नाते असलेली घरे आम्हाला भेटतात.

आपल्या समाजाची पहिली साखळी वेगळीकडे गेली. १९७२ च्या दुष्काळात माणसे मुंबई-पुण्याकडे निघाली. १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. त्या काळात गाव सोडलेली कुटुंबे औरंगाबाद, मुंबई, पुण्याच्या झोपडपट्ट्यांत स्थिरावली. जिथे पहिला माणूस गेला, तिथेच पुढची पिढी गेली. आपली साखळी आहे, पण ती तपोवन, देवगिरी आणि लातूर-मुंबई एक्सप्रेसच्या डब्यात सुरू होते आणि ठाणे, भोसरी, चाकणला संपते.

आपली मनीऑर्डर

म्हणून आपल्या वस्तीतला 'बाहेरून येणारा पैसा' समजून घ्यायचा असेल तर आधी देशातल्या देशात पाहा. पूर्वी मुंबईहून मनीऑर्डर यायची, आज फोनवर पैसे येतात. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बाया, वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीची जोडपी यांच्या कमाईवर गावाकडचे म्हातारे आई-बाप आणि शिकणारी लेकरे जगतात. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १९ टक्के आहे, तर राज्यात ते सुमारे १२ टक्के. भूमिहीन मजुरांचे प्रमाणही याच वस्त्यांत जास्त. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच प्रश्नावर.

जमिनीचा आणि परदेशाचा संबंध काय? थेट संबंध आहे. परदेशात जायला आधी भांडवल लागते. ज्याच्याकडे चार एकर आहे तो एक एकर गहाण ठेवतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो सावकाराकडे जातो.

उदाहरण घेऊ. एजंटने दीड लाख घेतले आणि ते तीन रुपये शेकड्याने काढले, तर महिन्याचे व्याजच साडेचार हजार होते. मुलगा पोट मारून महिन्याला पंधरा हजार पाठवतो असे धरले, तर आलेल्या दहा रुपयांतले तीन रुपये व्याजात जातात आणि मुद्दल तसेच उभे राहते. दोन वर्षांचा करार संपेपर्यंत त्याने एक लाख आठ हजार रुपये फक्त व्याज भरलेले असते.

ऊसतोडीला जाणारा मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत बांधला जातो. कर्ज काढून आखातात जाणाराही तसाच बांधला जातो. त्यात तिकडे कफाला पद्धतीचे नियम आहेत. या पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. काही देशांनी नियम सैल केले आहेत, तरी मालक बदलणे सोपे नाही. उचल मराठवाड्यात ओळखीची आहे. विमानाने जाऊन घेतलेली उचल मात्र आपल्याला उचल वाटत नाही.

दहावीचा शिक्का

परदेशाच्या वाटेवरची एक रेषा पासपोर्टवर असते. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' अशी नोंद होते. म्हणजे सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया अशा एकूण १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला सरकारची परवानगी घ्यावी लागते. हा नियम १९८३ च्या उत्प्रवास कायद्यातून येतो. कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये, हा त्यामागचा हेतू. परवानगीसाठी नोकरीचा करार 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर नोंदवावा लागतो आणि विमा काढावा लागतो.

खोटे एजंट नेमके हेच टाळतात. पर्यटक व्हिसावर नेले की परवानगी नको, करार नको, विमाही नको. विमानतळावर 'फिरायला चाललो' म्हणून सांगायला शिकवतात. मग तिकडे पगार बुडाला, अपघात झाला, तर तो माणूस सरकारदरबारी कामगार म्हणून नोंदलेलाच नसतो. दहावीला गळती झालेले मूल फक्त शाळेबाहेर पडत नाही, कायद्याच्या संरक्षणाबाहेर पडण्याचीही शक्यता वाढते. म्हणून वस्तीतले दहावी नापास तरुण पुन्हा परीक्षेला बसवणे हे स्थलांतराचेही काम आहे.

शिक्षणाची वाट

दुसरी वाट शिक्षणाची. लातूर हे शिकवणी वर्गांचे गाव म्हणून राज्यभर ओळखले जाते. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला जाणारी मुले तिथे घडतात आणि त्यातली काही पुढे अमेरिका, जर्मनी, इंग्लंडला पोहोचतात. देशात येणारा मोठा पैसा याच वाटेने येतो. तिथे टिकायला मात्र वर्षानुवर्षे फी, खोलीभाडे आणि घरच्यांचा धीर लागतो.

या वाटेवरचे आपले पहिले पाऊल सर्वांना माहीत आहे. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. १९१७ मध्ये परत येऊन ते बडोद्यात नोकरीला लागले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले. परदेशी पदवीने जात पुसली नाही. पण ती पदवी घेऊन आलेल्या माणसाने काय उभे केले, ते आपल्यासमोर आहे.

आज केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत देशभरासाठी वर्षाला १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. २०२२ मध्ये या योजनेतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे जातीचा अभ्यास परदेशात करायचा तर ही शिष्यवृत्ती नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. जागा थोड्या आहेत आणि पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाचे प्रवेशपत्र ही तयारी किमान वर्षभर आधी सुरू करावी लागते. अनेक मुलांना योजना कळते तेव्हा मुदत संपलेली असते.

तिसरी वाट कौशल्याची. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी कामे त्यात आहेत. नांदेड-लातूरच्या नर्सिंग महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये आपली मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. या वाटेचे कुलूप आहे भाषा. जर्मन शिकवण्याची सोय तालुक्याला झाली नाही, तर ही वाटही पुण्या-मुंबईतच संपेल.

पैसा आल्यावर काय होते

रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार परदेशातून आलेल्या पैशापैकी ५९.२ टक्के घरखर्चाला जातात, २० टक्के बँकेत ठेवले जातात आणि ८.३ टक्के जमीन, शेअर अशा गुंतवणुकीत. घरखर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे. त्यात औषधे आहेत, फी आहे, कर्जफेड आहे.

रुपया घसरला की बाहेरून पैसे येणाऱ्या घराला जास्त रुपये मिळतात. पण त्याच वेळी तेल महागते, किराणा महागतो आणि शेजारच्या मजुराचा रोज तेवढाच राहतो. विनिमय दर घसरला की भाव वाढतात, मजुरी मागे राहते आणि नुकसान कष्टकऱ्याचे होते, हे बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात आणि पुढे चलन आयोगासमोर मांडले होते. ज्या वस्तीत परदेशातला पैसा येतच नाही, तिच्या वाट्याला फक्त महागाई येते.

पैसा समाजासाठी कसा वळतो, याचे उदाहरण पंजाबच्या दोआबात आहे. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडा-इंग्लंडहून आलेले शीख भाविक आपण नेहमी पाहतो. त्याच पंजाबातल्या जालंधर-होशियारपूर भागातून आदिधर्मी दलितही १९५०-६० च्या दशकांत इंग्लंडच्या कारखान्यांत कामाला गेले. बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, बेडफर्ड येथे त्यांनी रविदास सभा आणि आंबेडकरी-बौद्ध संघटना उभ्या केल्या. लंडनमधले बाबासाहेबांचे १०, किंग हेन्रीज रोड हे घर विक्रीला निघाल्याचे लक्षात आणून देण्यात तिथल्या आंबेडकरी संघटनेचा पुढाकार होता. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड येथे आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरने बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभारला. पुतळे हवेतच. पण परदेशातल्या बांधवांनी लातूर-नांदेडच्या एका वसतिगृहातल्या दहा मुलींची इंग्रजीच्या परीक्षेची फी भरली, तर साखळीची पहिली कडी आपल्याकडे पडेल, असे आमचे म्हणणे आहे.

जाण्याआधी काय पाहावे

एजंटला नोंदणी क्रमांक विचारा आणि तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. व्हिसा नोकरीचा आहे की फिरायचा, हे पाहा. करारात पगार, कामाचे तास आणि राहण्याची सोय लिहिलेली हवी आणि त्याची प्रत घरी ठेवा. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपयांत दहा लाखांचा अपघाती विमा मिळतो. तो काढल्याशिवाय निघू नका. तिकडे अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, घरचे लोकही ती नोंदवू शकतात.

सरकारकडे आपली मागणी काय असावी? केरळमध्ये प्रवासी केरळीयांसाठी १९९६ पासून स्वतंत्र विभाग आहे आणि १९९८ पासून स्थलांतराचे सर्वेक्षण होते. २०२३ च्या सर्वेक्षणात तिथे सुमारे २२ लाख लोक परदेशात असल्याचे दिसले. तेलंगणाने २०२४ मध्ये आखातात मृत्यू झालेल्या कामगारांच्या कुटुंबाला पाच लाखांची मदत जाहीर केली. जे सरकार मोजते, त्याच्याकडे मागता येते. मराठवाड्यातही जिल्हावार आणि प्रवर्गवार मोजणी व्हावी, जिल्ह्याच्या ठिकाणी सल्ला केंद्र व्हावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

सरकार मोजेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीतून कोण बाहेर गेले, पुण्याला की दोहाला, कोणत्या कामावर, कोणत्या एजंटमार्फत, किती कर्ज काढून, ते तीत लिहा. परत आलेल्या तरुणांना शरमेने घरात बसू देऊ नका, त्यांनाच त्या वहीजवळ बसवा. त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही. आणि ज्याच्या हातात आज व्हिसाचा कागद आहे त्याने पैसे देण्याआधी तो विहारात आणावा. तिकीट निघाल्यावर नव्हे.